सौमित्रच्या गुडघ्याबद्दल

मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
रविवार, २६ एप्रिल

ती. सुलभाअक्कास,
धाकट्या देवदत्ताचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझ्या कानाचं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मला मोठ्यानं बोलता येत नाही. बोललं की घरभर ऐकू जातं. सध्या आमच्या घरात सगळेच हळू बोलतात, म्हणून हे पत्र.

सौमित्रला कुणी घेतलं नाही.

इथल्या फुटबॉलमध्ये बॉल पायानं खेळत नाहीत, हे तुला मागे लिहिलं होतं. सौमित्र तर बॉलला हातही लावत नाही. ज्याच्या हातात बॉल आहे त्याच्यापुढे उभं राहायचं आणि अंगावर धावून येणाऱ्याला अडवायचं, एवढंच त्याचं काम. कॉलेजात चार वर्षं त्यानं तेच केलं. मैदानात त्याच्या जागेवरच्या मुलाचं नाव कुणी पुकारत नाही. पुकारलंच तर काहीतरी चुकलं म्हणून.

दर एप्रिलात पगारी संघ कॉलेजच्या मुलांतून आपले खेळाडू निवडतात. तीन दिवस ते टीव्हीवर चालतं. सौमित्रचं कॉलेज लहान, डोंगरातलं. त्या यादीत आपण असू असं त्यालाही वाटत नव्हतं. पण यादी संपली की खरी धावपळ सुरू होते. संघ उरलेल्या मुलांना थेट फोन करतात आणि तासा-दोन तासांत शिल्लक जागा भरून टाकतात. उत्तरेकडचा एक संघ नक्की फोन करणार, असं त्याच्या कोच डॉसननी त्याला सांगून ठेवलं होतं.

काल संध्याकाळी यादी संपली. लतिकानं शिरा करून ठेवला होता. सौमित्र जमिनीवर बसला होता, समोर फोन. एकदा वाजला. गाडीची वॉरंटी संपत आलीय म्हणणारं रेकॉर्डिंग होतं. त्यानं ते शेवटपर्यंत ऐकलं, अक्का. मग कितीतरी वेळानं उठला, उभ्या उभ्या शिऱ्याचं अख्खं पातेलं संपवलं, आईला म्हणाला, "इट्स फाइन, आई," आणि गराजमध्ये निघून गेला.

गराजचं तुला कधी सांगितलं नाही. तिथे त्याची वजनं आहेत आणि एक विजेची शेगडी आहे. त्याला एकशे चाळीस किलोच्या खाली उतरून चालत नाही. वरणभातानं ते होत नाही. घरात देव आहेत, म्हणून मी शेगडी गराजमध्ये मांडली. दोन वर्षं झाली, तो कॉलेजातून सुट्टीला घरी असला की तिथे रोज चिकन मीच शिजवतो, मग आंघोळ करून दिवा लावतो. लतिकाला वास सहन होत नाही. मलाही होत नाही, पण मी बाप आहे. तू रागावशील हे माहीत आहे.

एक राहिलं. एप्रिलच्या सुरुवातीला त्या उत्तरेकडच्या संघाच्या माणसानं मलाही फोन केला होता. घरच्यांची अशी चौकशी करतातच म्हणे. दोन-चार वाक्यं बोललो. विशेष काही नाही.

तब्येतीला जप.

तुझा
देवदत्त


गुरुवार, ३० एप्रिल

ती. अक्का,

रविवारचं पत्र अजून विमानातही बसलं नसेल. हे पोचेल तोवर इथे जे व्हायचं ते होऊनही गेलं असेल. तरी लिहितो, कारण आज उपास आहे आणि उपासाच्या दिवशी खोटं पोटात ठेवून देवासमोर बसवत नाही.

मंगळवारी कोच डॉसननी त्या संघाकडे विचारलं. ते म्हणाले, मुलगा आमच्या यादीत होता, शेवटच्या आठवड्यात काढला. गुडघ्याची शंका आली.

सौमित्रला मार्चमध्ये एकदा गुडघा दुखला होता. दोन दिवस बर्फ लावला, तिसऱ्या दिवशी पळाला. ते फक्त त्याला, कोचना आणि आम्हाला घरी माहीत. त्यानं हिशेब मांडला आणि संशय कोचवर घेतला. चार वर्षं या माणसानं मला स्वतःच्या मुलासारखं वागवलं आणि पाठीमागे हे सांगितलं, असं म्हणाला. त्यांना फोनवर काय काय बोलला ते मी इथे लिहीत नाही. आता त्यांचे फोन उचलत नाही.

घरच्यांचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नाही.

मीच सांगितलं होतं, अक्का.

तो माणूस नम्र होता. टेल मी अबाउट युवर सन, म्हणाला. मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसलो होतो. आपल्या पोराचं कौतुक आपल्या तोंडानं करू नये, दृष्ट लागते, हे तूच मला शिकवलंस. सौमित्रच्या बारशाला बाळ गुटगुटीत आहे असं कुणी म्हणालं, की तू लगेच "कुठलं काय, सारखं आजारी असतं" म्हणायचीस. बावीस वर्षं मीही तेच करत आलो. शाळेत पहिला आला तर "पेपर सोपा होता." तर त्या माणसालाही मी म्हणालो, विशेष काही नाही साहेब, साधा मुलगा आहे, त्याच्यापेक्षा चांगले पुष्कळ असतील. तो हसला. वीस वर्षांत असं म्हणणारा बाप पहिल्यांदाच भेटला, म्हणाला. मग शरीराचं विचारलं. मी म्हणालो, "गुडघा दुखतो अधूनमधून."

रविवारपासून मी स्वतःला समजावतोय की ही जुनी सवय. आपल्याकडे ऐकणाराही समजून घेतो, इथल्याला ते कसं कळावं.

पण तुला पुढचं सांगतो. ऑक्टोबरात मी त्याचा एक सामना पाहायला गेलो होतो. समोरच्या संघातला एक मुलगा आडवा पडला आणि उठला नाही. मैदानातले सगळे खेळाडू गुडघ्यावर बसले, इथली तशी रीत आहे. चार मिनिटं. त्याची आई कठड्याला धरून उभी होती, तिच्या हातात पॉपकॉर्नचा डबा तसाच होता. त्या दिवसापासून मी देवापुढे रोज दोन मागण्या करत आलोय. सौमित्रला संघात घे, ही एक. दुसरी याच्या उलट. एका दिव्यापुढे, एका दमात.

त्या फोनवर "सर्दी होते कधी कधी" असंही म्हणता आलं असतं. दृष्ट टाळायला तेवढं पुरलं असतं. मी गुडघा म्हणालो. गुडघा म्हटल्यावर काय होतं हे दोन वर्षं चिकन शिजवणाऱ्या माणसाला माहीत असतं.

पुढच्या आठवड्यात संघांची तीन दिवसांची शिबिरं आहेत. करार नाही, पैसे नाहीत, नुसतं येऊन दाखवायचं. तिथे बोलावणं कोचच्या शब्दावर येतं, आणि सोमवारपर्यंत सगळ्या जागा ठरतील. सौमित्रनं कोचना फोन केला नाही तर त्याचं संपलं. मी खरं सांगितल्याशिवाय तो करणार नाही. सांगितलं तर मी त्याच्यासाठी संपेन.

लतिका आज म्हणाली, "अहो, तुम्ही चार दिवस जेवत नाही आहात. उपास एका दिवसाचा असतो." तिलाही सांगितलेलं नाही. सगळ्यांत आधी तुला.

देवदत्त


मंगळवार, १२ मे

ती. अक्का,

शुक्रवारी, एक तारखेला सकाळी, मी त्याला सांगितलं.

तो गराजमध्ये खांद्यावर वजन घेऊन उठाबशा काढत होता. त्यानं वजन जागेवर ठेवीपर्यंत थांबलो. मराठीत सांगितलं, कारण इंग्रजीत माझं खरंही खोटं वाटतं. तो मराठी बोलत नाही फारशी, पण त्याला सगळी समजते. त्यानं दोनदा विचारलं, "तुम्ही सांगितलंत? यू?" मी दोनदा हो म्हणालो. व्हाय, म्हणाला. मी दृष्टीचं सांगायला लागलो. तो नुसता बघत राहिला. एवढा मोठा देह, घामानं निथळलेला, आणि चेहरा ताप आलेल्या पोराचा. मग मी त्याला चार मिनिटांचं सांगितलं, आणि दोन मागण्यांचंही.

त्यानं घाम पुसला. मग म्हणाला, "भीती मला पण वाटते, बाबा. एव्हरी गेम. पण ती माझी आहे."

 

त्यानं माझा फोन माझ्या हातात दिला. म्हणाला, "कॉल हिम. आत्ता." स्पीकर लावला आणि समोर उभा राहिला.

त्या संघाच्या माणसानं उचलला. मी म्हणालो, मी सौमित्रचा बाप. गुडघ्याचं मी सांगितलं ते चुकीचं होतं. मार्चमध्ये दोन दिवस दुखला, तेवढंच. मग थांबलो. सौमित्र हलला नाही. तेव्हा मी म्हणालो, साहेब, माझा मुलगा सहा वर्षं पहाटे पाचला उठतो. कुणी त्याचं नाव घेत नाही अशा जागी उभा राहतो आणि दुसऱ्याला पडू देत नाही. त्याच्यासारखा राबणारा मी आयुष्यात पाहिला नाही. तो चांगला आहे. फार चांगला आहे.

 आत्ता छत कोसळेल असं खरोखर वाटलं, अक्का. वर पाहिलंसुद्धा मी.

तो माणूस सौम्यपणे म्हणाला की आमच्या जागा शनिवारीच भरल्या. फोन केलात हे बरं केलंत.

सौमित्रनं बॅग भरली. लतिकानं आतून सगळं ऐकलं होतं. तिनं त्याच्यासाठी डबा बांधला आणि माझ्याकडे न बघता माझ्या शेजारून दोनदा गेली. तो तीन तास गाडी चालवत कोचकडे गेला, माफी मागायला. कोच डॉसन मोठ्या मनाचे. त्यांनी त्याच दिवशी सहा संघांना फोन केले. दक्षिणेकडच्या एकानं या म्हटलं. तो तिथूनच परस्पर गेला. घरी नमस्काराला आला नाही. आजवर कुठलाही सामना त्यानं, फोनवरून का होईना, देवाला आणि मला नमस्कार केल्याशिवाय खेळला नव्हता.

तीन दिवस मी कामावर लॅबमध्ये मशीन लावायचो आणि काय मोजतोय ते विसरायचो. देवाला एकच मागितलं या वेळी, त्याला घेऊ देत.

रविवारी दुपारी त्याचा लतिकाला फोन आला. करार नसलेली एकोणतीस मुलं होती. दोघांना ठेवलं. त्यात सौमित्र नाही. तो तीन दिवसांत एकदाही मागे ढकलला गेला नाही, असं तिथल्या एका शिकवणाऱ्यानं त्याला सांगितलं म्हणे. पण त्यांना त्या जागेवर माणूस नको होता. जिथे हवा होता तिथे मी गुडघा सांगून बसलो होतो. हे सौमित्र बोलला नाही. हे मी लिहितोय.

मग लतिकानं फोन माझ्यापुढे धरला. मला वाटलं चुकून. म्हणाली, "तुम्हाला मागतोय."

मागे विमानतळावरच्या सूचना ऐकू येत होत्या. तो म्हणाला, "बाबा, त्या माणसाला जे सांगितलंत ते मी समोर उभा होतो म्हणून?"

मी म्हणालो, "नाही."

पुढे माझ्या तोंडात नेहमीचं सगळं तयार होतं. देवाच्या मनात असेल ते होईल, आपण कोण, बघू या. मी ओठ दाबून धरले.  तो "ओके" म्हणाला. रागाचं नव्हतं, प्रेमाचंही नव्हतं. फोन बंद झाला.

तो घरी येत नाहीये. कोचच्या घरी तळघरात राहणार, दिवसा एका गोदामात काम करणार, संध्याकाळी सराव. जुलैच्या अखेरीस संघांचा मोठा सराव सुरू होतो. तेव्हा खेळाडूंना दुखापती होतात आणि रातोरात जागा रिकाम्या होतात. तेव्हा बाहेर राहिलेल्या मुलांना फोन जातात. तोच आता एक रस्ता आहे, असं लतिकाला त्यानं सांगितलं.

म्हणजे कुणाचं तरी पोर आडवं पडलं, की माझ्या पोराला जागा. कुणाची तरी आई कठड्याला धरून उभी राहील तेव्हा आमचा फोन वाजेल.

दोन दिवस मी दिवा लावतो आणि त्याच्यापुढे नुसता बसतो. नाम घेतो, पण मागणं तोंडातून निघत नाही. त्याला जागा मिळू दे म्हणावं, तर त्यात काय मागतोय ते आता मला माहीत आहे. मिळू नये म्हणावं, तर ते एकदा मागून झालं आणि देवानं ऐकलंही.

तू माझ्यापेक्षा मोठी आहेस, अक्का. काय मागायचं ते तूच ठरव, आणि माझ्याऐवजी तूच माग. काय मागितलंस ते मला कळवू नकोस.

तुझा
देवदत्त