झेलेनाला काहीच कमी नाही

झेलेना, नेब्रास्का
रविवार, चर्चहून आल्यावर

तीर्थरूप लिबीमावशीस,

डॉरीनचा वाकून नमस्कार. (शुक्रवारी दिवसभर वाचनालयात गालिचे ओढून कंबर धरली आहे. वाकलेलीच आहे, तेवढ्यात नमस्कारही करून घेते.) तुझी तब्येत कशी आहे हे मी विचारत नाही, कारण तू ‘ठणठणीत’ एवढंच कळवणार. एमिलला विचारलं तर तो म्हणाला, आई हल्ली व्हीलचेअरवरून कोंबड्यांच्या मागे लागते. म्हणजे बरीच आहेस. फोन केला असता, पण फोन वाजला की तू कानातलं यंत्र काढून ठेवतेस आणि मग हल्लीची माणसं पुटपुटतात म्हणून चिडतेस, म्हणून पत्र. तू पाठवलेलं खसखशीचं सारण पोचलं. ते गोड पावांत भरून कोलाचे केले आणि ते वाचनालयाच्याच कामी आले, त्याची हकिगत पुढे येतेच. आधी मनापासून आभार मानते, कारण हे पत्र मुळात आभाराचं आहे. निदान मी ते तसं लिहायला बसले आहे.

तुला माहीत आहेच, राज्य ग्रंथालयवाल्यांनी मला वसंतात लिंकनला शिबिराला बोलावलं. छोट्या गावांच्या ग्रंथपालांना अनुदान कसं मागावं हे शिकवायला. जाणंयेणं, राहणं, जेवण, सगळं त्यांच्याकडून. मावशी, इतकी वर्षं मी पुस्तकांवर शिक्के मारते आहे, पण ‘तुम्ही चांगलं काम करता, आता थोडं शिकून घ्या, खर्च आमचा’ असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. हॉटेलच्या खोलीत दोन उशा होत्या. मी दुसरी वापरलीच नाही, उगाच त्यांना धुवायला कशाला लावा! तर तिथल्या शिकवणाऱ्या बाई पहिल्याच तासाला म्हणाल्या, की मागताना लाजायचं नाही, आपल्याकडे काय नाही ते स्वच्छ सांगायचं. मग जोड्या लावल्या आणि एकमेकींना आपली गरज सांगा म्हणाल्या. माझ्या वाट्याला वाळूच्या टेकड्यांकडची एक ग्रंथपाल आली. मी म्हटलं, आमच्याकडे दाराला पायऱ्या फार आहेत, पण तसं चालतं. ती म्हणाली, आमचं छप्पर गळतं, पण पाऊसच कुठे पडतो? मी म्हटलं, नाही हो, तुमची अडचण मोठी. ती म्हणाली, छे, तुमचीच मोठी. वेळ संपली तेव्हा आम्ही दोघींनी आपापलं अनुदान एकमेकींना देऊन टाकलं होतं. बाईंनी कपाळाला हात लावला. पण रागावल्या नाहीत, पुन्हा पहिल्यापासून शिकवलं. देव त्यांचं भलं करो.

घरी येऊन मी अर्ज केला. काय मागितलं ते तुला पाठ आहे: दाराशी रॅम्प आणि ढकलल्यावर खरोखर उघडेल असं दार. तुझं कंबरेचं हाड मोडल्यापासून तू आत येऊ शकत नाहीस; काठी टेकत चालणारा पोस्पिशिलांचा जोसुद्धा नाही, त्या दोघी कुचेरा बहिणीही नाहीत. सगळ्यांना पुस्तकं मी गाडीतून घरपोच देते ते ठीक, पण घरी पुस्तक मिळणं आणि वाचनालयात बसणं यात फरक आहे, आणि तो तूच मला शिकवलास. अर्जाला गावकऱ्यांची पत्रं जोडायची होती. आपल्या गावाने ती काय लिहिली, ऐक. पाद्रीबाबांनी लिहिलं की झेलेनाचं वाचनालय म्हणजे स्वर्गच (स्वर्गाला रॅम्प कोण मंजूर करणार?). वाचनालय समितीचे अध्यक्ष अल्बिन वोन्द्रा यांनी लिहिलं की आमची कोणाविषयी काही तक्रार नाही. आणि तू, मावशी! तू सगळ्यांत वरताण. ‘माझ्यासाठी खर्च करू नये, मी घरी वाचते, त्यापेक्षा मुलांसाठी पुस्तकं घ्यावीत,’ असं सुंदर वळणदार अक्षरात लिहिलंस. मी ते वाचलं, डोळे पुसले, आणि ते सोडून बाकीची पत्रं पाठवली.

तरी अर्ज पहिल्या चाळणीतून पार झाला. मग लिंकनहून निरोप आला, की टॅल्मजबाई म्हणून एक अधिकारी शनिवारी प्रत्यक्ष पाहायला येतील, जसं आहे तसंच दाखवा. माझी चूक एवढीच की मी हे बेकरीत बोलून गेले. ‘जसं आहे तसं’ हे कोणाच्या कानात शिरलंच नाही, ‘पाहुणे येणार’ एवढं मात्र गावभर झालं. आणि पाहुणे येणार म्हटल्यावर आपली माणसं काय करतात, ते मी तुला काय सांगू! शुक्रवारीच चर्चच्या बायका बादल्या घेऊन हजर. छत गळतं तिथे ठेवलेल्या टबावर पाट, पाटावर क्रोशाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी. ओल आलेल्या भिंतीवर कुणाच्या तरी लग्नातली गोधडी. अल्बिनने दाराच्या बिजागऱ्यांना इतकं तेल पाजलं की वर्षानुवर्षं खांद्याने ढकलावं लागणारं ते दार वाऱ्यानेही उघडायला लागलं. पायऱ्या घासल्या, रंगवल्या, आणि प्रत्येक पायरीवर जिरेनियमची एकेक कुंडी. मी ओरडून सांगत होते, अरे, या पायऱ्याच तर आपली अडचण आहेत! तर अल्बिन म्हणतो, “म्हणूनच म्हणतो, डॉरीन, निदान दिसायला तरी बऱ्या असू देत. लोक काय म्हणतील?”

शनिवारी टॅल्मजबाई आल्या. उंच, शांत बाई, पायांत मळखाऊ बूट. (बूट पाहूनच मला आशा वाटली.) पायऱ्यांखाली आपला जो पोस्पिशिल उभा! त्याला मी घरीच राहा असं सांगितलं नव्हतं, पण हे कुठे सांगितलं होतं? हातात काठीसुद्धा नाही. बाईंच्या देखत तो कठडा धरून, गाणं गुणगुणत, सगळ्या पायऱ्या चढला आणि वर जाऊन म्हणतो कसा, “रोज येतो हो मी, व्यायाम होतो!” नंतर तो मला मागच्या खोलीत नकाशांच्या कपाटाला टेकून बसलेला सापडला. चेहरा पांढराफटक. मी पाणी दिलं तर म्हणतो, गावाची लाज राखली की नाही? मला त्याला मिठी मारावीशी वाटली आणि बदडावंसंही वाटलं.

मग जेवण. राजमा-खिम्याची चिली आणि दालचिनीचे गोड रोल, त्यानंतर तुझ्या सारणाचे कोलाचे. बाईंनी तीनदा घेतले. जेवता जेवता त्यांनी विचारलं, तुम्हाला नेमकं काय कमी आहे? सगळे ताटलीत बघायला लागले. शेवटी अल्बिन खाकरून म्हणाला, “कमी असं काही नाही. आमचं बरं चाललंय. पलीकडच्या गावाची इमारत आमच्याहून वाईट आहे, त्यांचं आधी बघा.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशी, मला लिंकनची ती वाळूच्या टेकड्यांवाली आठवली आणि रडू आलं.

बाईंना डबे भरभरून देऊन निरोप दिला. गाडीपाशी त्या मला म्हणाल्या, “इतकं प्रेमळ गाव मी पाहिलं नाही, आणि इतकं कशाचीच गरज नसलेलंही. मला जे दिसलं तेच लिहावं लागणार. इथे कोणीच तक्रार केली नाही.” आणि तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, “ज्यांना चढता येत नाही, ते वर येऊन तक्रार करतील तरी कशी?” त्या थांबल्या. कोण येत नाही, म्हणाल्या. मी तुझं नाव सांगितलं. हे वाचनालय जिने उभं केलं, मला पुस्तकाची शिवण कशी घालायची ते शिकवलं, तीच आज आत येऊ शकत नाही असं सांगितलं. शिबिरात जे जमलं नाही ते तिथे रस्त्यात, डबे हातात धरून जमलं. बाई गाडीत बसल्या नाहीत लगेच. म्हणाल्या, गुरुवारी मी याच रस्त्याने परत जाणार आहे, त्यांच्या तोंडून ऐकायला आवडेल मला.

सगळ्यांचेच उपकार मानावेत तेवढे थोडे. शिबिराचे, अल्बिनच्या तेलाचे, जोच्या गाण्याचेसुद्धा. एवढी माणसं आपल्या वाचनालयासाठी घाम गाळतात, हे पाहून मला माझंच नशीब थोर वाटलं. एमिलला आणि कोंबड्यांना आशीर्वाद.

तुझी,
डॉरीन

ता. क. कुचेरा बहिणींची काचेची परात चुकून टॅल्मजबाईंबरोबर लिंकनला गेली. कोणाला बोलू नकोस, त्या दोघी एकमेकींवर संशय घेऊन सुखात आहेत.

ता. क. २. आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. गुरुवारी एमिल तुला घेऊन येईल, त्याच्याशी बोलून ठेवलं आहे. कोलाचे आणायचे नाहीत. आणि बाईंनी विचारलं की ‘माझं बरं चाललंय’ म्हणायचं नाही. हिवाळ्यात एमिलच्या गाडीत बसून, काच खाली करून, तू मला विचारलं होतंस, की आत अजून तोच वास येतो का गं. तेवढंच त्यांना सांग. मला जमलं तर तुलाही जमेल.

ता. क. ३. अल्बिनला हे कळलं आहे. तो म्हणतो, लिबीला पाहुण्यांसमोर खाली ताटकळत कसं ठेवायचं, आम्ही चौघं तिला खुर्चीसकट उचलून वर नेतो. मी त्याला निक्षून सांगितलं आहे, गुरुवारी माझ्या मावशीला कोणी हात लावायचा नाही. तू त्या दिवशी खालीच थांब. वर यायचं ते नंतर, कोणी न उचलता, तुला वाटेल तेव्हा.