अकरा दिवस उघडा एक्सल

माझा पाठचा भाऊ चि. हरिदास यास हिंगणीहून मनकर्णाताईचे आशीर्वाद. सौ. जयाची कंबर आता कशी आहे? तुझं कारंज्याचं गॅरेज जोरात असेल. हायवेवरचे ट्रक तुझ्या पुण्याईनं मोडतच असतात.

इकडे सगळे खुशाल. सूनबाईला, काजलला, शुक्रवारी मुलगी झाली, हे आपल्या पियुषनं समुद्रपूरहून नोकरीवरूनच तुला फोनवर सांगितलं. पण ती दवाखान्यात पोचली कशी, ते त्यालाही ठाऊक नाही. फोनवर सांगावं तर तुझे भाऊजी कान टवकारून बाजूलाच बसतात, म्हणून हे पत्र.

तुला आमची शेतातली वाट ठाऊक आहे. पाऊस पडला की घरापासून सडकेपर्यंत नुसता काळा चिखल, त्यात चारही चाकांनी ओढणाऱ्या पिकअपशिवाय काही चालत नाही. आणि नेमकं काजलला नववा महिना लागला तेव्हा पिकअपची समोरची चाकं रुसली. गिअरजवळचा छोटा दांडा ओढला की काट्यांजवळचा दिवा लागायचा, पण ओढायची मागचीच दोन. मी म्हटलं, हरिदासला बोलवा. तर हे म्हणाले, "काऊन? मले का हात नाई?" (हात आहेत, दोन. तेवढ्यानंच घात झाला.)

यांनी गोठ्यात गाडी ठोकळ्यांवर चढवली आणि समोरचा एक्सल उघडला. माझी पुरणाची परात ऑइलमध्ये गेली, काजलसाठी आणलेल्या तुपाच्या रिकाम्या डब्यात बोल्ट गेले. मोबाईलवर कोणी सरदारजी एक्सल खोलताना दाखवायचा, हे त्याच्यासारखं खोलायचे. तो बसवायला लागला की नेमकी रेंज जायची. काजल बिचारी पोटावर हात ठेवून ओट्यावरून सासऱ्यांना विचारायची, "मामाजी, होऊन राह्यलं का?" हे म्हणायचे, "झालंच समज." असं अकरा दिवस चाललं. बाराव्या दिवशी सगळं बसवलं, गाडी सुरू केली, दांडा ओढला. समोरची चाकं ढिम्म.

मी मात्र त्या वेळी बॉनेटजवळ उभी होते आणि मला बारीक सूंऽऽ असा आवाज आला, गॅसची नळी फुटल्यावर येतो तसाच. मी म्हटलं, "अहो, कुठून तरी हवा लीक होऊन राह्यली." हे म्हणाले, "तुले काय समजते त्यातलं? आता गिअरबॉक्स खोला लागते." आणि गिअरबॉक्स खोलायच्या आधी जरा पडतो म्हणून झोपले.

मी वाकून पाहिलं. इंजिनाकडून एक रबरी नळी एक्सलवरच्या डबीत जाते. तिच्यानं हवा ओढली गेली तरच डबीतली सळई सरकते आणि समोरची चाकं जोडली जातात. ती नळी उंदरानं कुरतडली होती. मी फवारणी पंपाची जाड नळी वीतभर कापली, दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या आणि भाकरी टाकायला गेले.

हे उठले, दांडा ओढला, आणि चाकं फिरली! "पाह्यलं? ऑइल मुरायले वेळ लागते," म्हणाले. मी भाकरी वाढली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी काजलला कळा सुरू झाल्या. रात्रभर पाऊस झाला होता. नाल्याच्या उतारावर गाडी रुतली, काजलनं माझं मनगट असं आवळलं की बांगडी फुटली. यांनी दांडा ओढला. माझा जीव त्या वीतभर नळीत अडकला होता, भाऊ. एक क्षण काहीच झालं नाही. मग समोरून कोणी दोर लावून ओढावं तशी गाडी उठली. सेलूच्या दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात मुलगी झाली. तुझे भाऊजी डोळे पुसत नर्सला समोरचा एक्सल समजावून सांगत होते.

जयाला जपायला सांग. तुझी, मनकर्णाताई.

ता. क. खरं काम हे. यांनी गाडी दुरुस्त केल्याचा गावभर बोभाटा झाल्यामुळे ओमप्रकाश ठेकेदारानं आपली जीप यांच्यापुढे आणून उभी केली आहे. एक्सल उघडला आहे आणि एक स्प्रिंग उरली आहे. रविवारी बाळ पाहायला म्हणून ये. मी यांना कपाशी दाखवायला नेते, तेवढ्यात तू जीपचा एक्सल बसव. यांना कळू देऊ नको, मन मोडेल.

ता. क. दुसरं. परात नवीन आण.

हरिदास, तुह्या ताईनं हे पत्र पोस्टात टाकायले मले देल्लं. लिफाफा उघडाच होता (उघडा नव्हता). नळी मले त्याच दिवशी दिसली. तिनं क्लिप अशी आवळली का माह्यानं सुटली नाई. बोललो नाई, काऊन का मंग अकरा दिवस काय केलं ते सांगा लागलं असतं. रविवारी येजो. मी निमूट कपाशी पाहाले जाईन. फक्त ती स्प्रिंग कुठं बसते तेवढं कागदावर काढून खिशात ठेवजो. सोमवारी ओमप्रकाशचा साळा त्याचीबी जीप घेऊन येऊन राह्यला.
— तुहा भाऊजी, रूपराव