दहा मिनिटं डोळे मिटून

प्रिय पेन्सिल,

या नावाने तुला हाक मारायचा हक्क माझ्याकडे अजून उरलाय का, ठाऊक नाही. अंबाड्यात पेन्सिल खोचून तीच पेन्सिल घरभर शोधत फिरायचीस म्हणून मी हे नाव ठेवलं, आणि पुढे कॉलेजात सगळ्यांनी ते उचललं. गेल्या तीन आठवड्यांत तुला चार पत्रं लिहायला घेतली नि चारही फाडली. एकात नुसत्याच हवापाण्याच्या गप्पा झाल्या. एकात मी स्वतःसाठीच इतकी रडले की वाचताना माझी मलाच शिसारी आली. हे पाचवं. यात जे घडलं तेवढंच लिहायचं ठरवलंय.

आधी इकडची बातमी. सकाळी वर्गात डोळे मिटून बसायचा तो तास मी बंद केला. घसा बसतो म्हणून सांगितलं, तर प्राचार्य म्हणाले, “अहो बाई, गप्प बसायच्या तासाला घसा कशाला लागतो?” सगळी स्टाफरूम हसली, मीही हसले. पण मुलं थांबली नाहीत. मी नसले तरी आपापली बसतात. पहिल्या बाकावरची कुणीतरी घड्याळ लावते, दारं-खिडक्या लोटल्या जातात, आणि मी हजेरीचं रजिस्टर छातीशी धरून बाहेर व्हरांड्यात उभी राहते. दहा मिनिटं आतून खुर्ची सरकल्याचासुद्धा आवाज येत नाही. मग दार उघडतं, मी आत जाऊन गणित शिकवते. चुका कमी होतात त्यांच्या, अजूनही. तेच तर मला सोसवत नाही. ती गोष्ट खोटी असती, निव्वळ थोतांड असतं, तर माझी सुटका झाली असती.

ते सगळं सुरू कसं झालं हे तुला अर्धंच माहीत आहे. तुझे काका गेल्यावर वर्षभर माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. वर्गात फळ्यावर गणित मांडायचं आणि मधेच पुढची पायरी विसरायची. तेव्हा एका मैत्रिणीने मला श्वासाकडे बघत बसायला शिकवलं. विचार आला, येऊ दे. गेला, जाऊ दे. दुखलं तर दुखण्याशी भांडू नकोस, नुसतं बघ. त्याने मी तरले गं, यात काही खोटं नाही. मग वर्गातली पोरं दिसायला लागली. चाचणीआधी बेसिनपाशी जाऊन उलटी करणारी ती मुलगी आठवते? उत्तरं येत असून कोरे पेपर देणारी कितीतरी होती. म्हणून पहिल्या तासाची पहिली दहा मिनिटं मी त्यांना दिली. चार महिन्यांत त्या मुलीच्या उलट्या थांबल्या. नापासांचा आकडा निम्म्यावर आला. मुलं मला ‘श्वासबाई’ म्हणायला लागली आणि मला ते नाव मेडलसारखं वाटायला लागलं. प्राचार्यांना हे सगळं कागदावर हवं होतं, म्हणून तो वीस वाक्यांचा फॉर्म आला. झोप कशी लागते, लक्ष किती वेळ टिकतं, मन किती शांत असतं. प्रत्येकाला एक ते पाच गुण द्यायचे.

नेमक्या त्याच वर्षी तू माझ्याकडे राहायला आलीस आणि माझ्याच वर्गात बसायला लागलीस. तुझ्या आईने तुला सोडताना माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, “ताई, तू आहेस म्हणून मी निर्धास्त.” इमारतींचे नकाशे काढायला शिकणाऱ्या त्या वर्गात तुझ्यासारखा हात कुणाचाच नव्हता. नुसत्या डोळ्यांच्या अंदाजाने तू जिन्याच्या पायऱ्या इतक्या नेमक्या आखायचीस की ड्रॉइंगचे सर पट्टी लावून बघायचे आणि पट्टी खिशात घालायचे. घरी जेवणाचं टेबल तू कधी मोकळं सोडलंच नाहीस. आपण दोघी ताटं मांडीवर घेऊन जेवायचो आणि मी खोटं खोटं रागवायचे. ते माझे सगळ्यात चांगले दिवस होते, हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही.

आता ते तीन दिवस.

पहिला दिवस वर्गातला. दहा मिनिटं संपल्यावर तू माझ्या टेबलापाशी आलीस आणि म्हणालीस, “मावशी, सगळं शांत झालं की कानात आवाज येतो. भातुकलीतला पंप कुणी दाबतंय असा. हृदयाबरोबर.” आणि मी हरखले! पोरीचं लक्ष इतकं आत वळलंय की तिला स्वतःची नाडी ऐकू येते, असं मला वाटलं. मी म्हटलं, “छान आहे की. ऐक त्याला. घाबरू नकोस.” स्टाफरूममध्ये जाऊन मी ते कौतुकाने सांगितलंसुद्धा.

दुसरा दिवस घरातला, रविवारचा. तू कपड्यांना इस्त्री करत होतीस आणि मधेच इस्त्री उभी करून खाली बसलीस. डोकं आठवडाभर दुखतंय, वाकलं की जास्त, सकाळी उठल्या उठल्या तर फारच, असं म्हणालीस. मी तुला गोळी दिली. मग समोर बसवलं आणि म्हटलं, “डोळे मीट. नक्की कुठे दुखतंय ते बघ. त्याला रंग आहे का, आकार आहे का? त्याच्याशी झगडू नकोस.” तू बसलीस. पाव तासाने म्हणालीस, “थोडं बरं वाटतंय.” आता कळतं, ते तू मला बरं वाटावं म्हणून म्हणालीस.

तिसरा दिवस बसस्टॉपवरचा. हा मी रोज आठवते. तू म्हणालीस, “मावशी, बसल्या जागेवरून उठलं की सगळं काळं होतं. दोन-चार सेकंदच. पण काल एक रेघ मारली तर दोन दिसल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊया का?” किती सरळ विचारलंस. अगदी लहान मूल विचारतं तसं. आणि मी बस येतेय का हे बघता बघता म्हटलं, “अगं, हळू उठत जा, परीक्षेचा ताण आहे तो. हा आठवडा होऊ दे, मग जाऊ.” त्या आठवड्यात काय होतं माहीत आहे? वर्षअखेरचे फॉर्म भरायचे होते. पाहुणे येणार होते आमचा तास बघायला. त्यांना दाखवायला सगळ्यात शांत बसणारी मुलगी मला हवी होती आणि ती तू होतीस. पाहुणे आले. तू पहिल्या बाकावर ताठ बसलीस, चेहऱ्यावर एक सुरकुती नाही. तुझा फॉर्म माझ्याकडे अजून आहे. चौदावं वाक्य: ‘त्रास होत असला तरी मी त्याकडे शांतपणे पाहू शकते.’ त्यापुढे तू पाचपैकी पाच लिहिलेत. तो पाचाचा आकडा ओळीच्या खाली घसरलेला आहे. तो मला तेव्हा दिसला नाही, कारण मी फक्त बेरीज करत होते.

पाहुणे गेले, मग परीक्षा आली, मग ‘पेपर होऊ दे’ झालं. ड्रॉइंगच्या पेपरात तू दार भिंतीच्या बाहेर काढलंस. सरांनी मला बोलावून कागद दाखवला आणि खुर्ची पुढे केली. त्याच दुपारी मी तुला घेऊन धावले, पण धावायची वेळ केव्हाच टळली होती.

डॉक्टरीणबाईंनी तुझ्या डोळ्यांत छोटा दिवा धरून पाहिलं. पाच मिनिटं लागली त्यांना, फार तर सहा. मेंदूभोवतीच्या पाण्याचा दाब वाढलाय, डोळ्यांमागच्या नसा सुजल्यात, म्हणाल्या. कानातला तो आवाज त्या दाबाचाच. मग पाठीतून पाणी काढणं आलं, ऑपरेशन आलं. दाब उतरला, नजर मात्र परतली नाही. डाव्या डोळ्याला उजेड-अंधार, उजव्याला नळीतून बघावं तेवढं. महिना-दीड महिना आधी आणलं असतं तर बरंच वाचलं असतं, असं त्या मला एकटीला बाजूला घेऊन म्हणाल्या. मी मान हलवली. मी ते शांतपणे ऐकलं, पेन्सिल. इतक्या वर्षांचा सराव माझा.

यापुढचं तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे, पण मला ते लिहायलाच हवं. ऑपरेशन झालं होतं आणि तुझी आई येऊन पोचली होती. डॉक्टरीणबाईंनी तुला विचारलं, “किती दिवस होत होतं हे?” तू म्हणालीस, “चार महिने.” “मग कुणाला सांगितलं नाहीस?” तू चेहरा वळवलास, मी जिथे उभी असेन असं तुला वाटलं तिकडे. तू वाट बघत होतीस. आणि माझ्या तोंडून निघालं, “नाही हो, बोललीच नाही कधी.” मी ठरवून बोलले नाही. पण नंतर परत घ्यायला मला आख्खा दिवस होता, आख्खा आठवडा होता, आता आठ महिने झाले. तू खाली मान घालून म्हणालीस, “हो. नाही सांगितलं.” तुझी आई तुझ्या अंगावर ओरडली, “अगं, तोंड शिवलं होतं का तुझं?” आणि मग माझ्या गळ्यात पडून म्हणाली, “ताई, तू वेळेवर आणलंस म्हणून एवढी तरी नजर राहिली.” मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तू मला का वाचवलंस? मी तुझी मावशी म्हणून? की गप्प राहायची सवय मीच तुला लावली म्हणून? हे तुला विचारायची माझी हिंमत नाही आणि उत्तर ऐकायची तर मुळीच नाही.

तीन आठवड्यांपूर्वी, रविवारी, तुझ्या आईचा फोन आला होता. म्हणाली, “ताई, मी अजून तिला रोज विचारते, का गं नाही सांगितलंस? ती भिंतीसारखी गप्प. तुझ्याकडे राहून शांत बसायला तेवढं शिकली.” मी म्हटलं, “नको विचारूस तिला.” ती म्हणाली, “का नको? आई आहे मी तिची. लेकरू आंधळं होईपर्यंत मला पत्ता नाही, मग विचारू नको तर काय करू?” फोन ठेवल्यावर मला कळलं की तुझी दृष्टी गेल्यावरही मी तुला सोडलेलं नाही. रोज तुला त्या दवाखान्यातल्या खोलीत उभं करते आहे. तुझी माफी फोनवरही मागता आली असती आणि तू ती दिलीही असतीस, आणि आपल्या दोघींतच ते पुन्हा मुरून गेलं असतं. म्हणून पत्र. घरी आलेला प्रत्येक कागद तुला तुझी आईच वाचून दाखवते, हे मला माहीत आहे. तिच्यासमोर उभं राहून बोलण्याएवढं बळ माझ्यात नाही, म्हणून हे तिच्याच तोंडून वदवून घेते आहे. याहून भ्याड मार्ग मला सुचला नाही. धाकटे, इथवर वाचत आली असशील तर आता थांबू नकोस. पोरीला काही विचारू नकोस. तिने सांगितलं होतं. तीन वेळा सांगितलं होतं, मला. हे वाक्य तिला ऐकू जाईल असं मोठ्याने वाच, आणि मग तिला जवळ घे.

तुझीच,
मावशी