बेलभंडार आणि माशाचं तेल

केनवड, ता. १८ नोव्हेंबर १९५४
काल दिवेलागणीला परसातून येताना पाण्याच्या हंड्यावर आदळले. हंडा रोजच्याच जागी. ओट्यावर कंदील लागलेला. तरी माझ्यापुरता सगळा अंधार. आठवडाभर हे चाललंय, मी कुणाला बोलले नव्हते.

आत्याबाई धावत आल्या. "डोये फुटले का वो तुह्ये? पोटात लेकरू हाये, अन् धडपडून राह्यली!" सुनेला बोलायची एकही संधी त्या सोडत नाहीत. पण मला उठवून ओट्यापर्यंत धरून आणलं तेही त्यांनीच.

सहावा महिना. पहिलं पाचव्यात गेलं. भाषणं करत बैलगाडीतून गावोगाव हिंडली म्हणून गेलं, असा घरचा निकाल. यंदा उंबऱ्याबाहेर पाऊल नाही. गावोगावच्या बायकांना दारं उघडा म्हणून ओरडून सांगणारी मी, माझी हद्द परसातल्या शेवग्यापर्यंत.

सूर्य खाली गेला. अक्षर दिसेना, बाकी

ता. २५ नोव्हेंबर
बाजाराचा दिवस. वाशीमच्या दवाखान्यातली नर्सबाई गावात आली होती. ह्यांनी शाळा सुटल्यावर तिला परस्पर घरी आणलं. आईला न विचारता! लग्नानंतरचं ह्यांचं पहिलं बंड असावं.

तिने पापणी ओढून पाहिली, संध्याकाळचं विचारलं. रातांधळेपणा, म्हणाली. आईच्या अंगातलं पोर ओढून घेतं, आणि आईने खाल्लेलं नसतं. पालेभाजी किती खाता? पिकलेली पपई? मी आ.बाईंकडे पाहिलं. पाला वातूळ, पपई गरम. दोन्ही मला बंद. जास्त जेवू नको, पोर मोठं होईल आणि अडेल, हेही आहेच.

रक्तासाठी लोहाच्या गोळ्या दिल्या. डोळ्यांसाठी पिवळ्या तेलाची बाटली. रोज एक लहान चमचा, त्याहून जास्त नाही. मी हुंगली. कशाचं?
"समुद्रातल्या मोठ्या माशाच्या कलेजीचं."
बाटली तिच्या हातात परत दिली.
ती शांतपणे म्हणाली, "पाला खाच. पण नुसत्या पाल्याने भागायची वेळ गेली. बाळालाही डोळे आहेत, बाई."
बाटली ह्यांनी ठेवून घेतली.

ता. २६
दुपार. मुकाट्याने बसले आहे आणि गेल्या जत्रेतलं माझंच भाषण कानात वाजतंय.

देवीपुढे बोकड कापत. मी पारावर चढले. जे जे वाचलं होतं ते सगळं ओतलं. बाया रडल्या, पुरुषांनी माना खाली घातल्या. पण रडलेली माणसं घरी जाऊन विसरतात, हे मला चांगलं ठाऊक. म्हणून शेवटी ताट फिरवलं. बेलाचं पान, वर भंडारा. उचला, आणि म्हणा, जीव मारून केलेलं काही तोंडात घालणार नाही.

गंडेदोरे तोडा म्हणून गावोगाव सांगणारी मी. मीच बेलभंडाऱ्याची भीती कामाला लावली. कारण ती माझ्या तर्कापेक्षा जास्त टिकते. पहिलं पान मी उचललं. दुसरं रुखमीने, वाडीवरची, आमच्या वावरात कापूस वेचायला येते ती.

ता. २८
पोटात बाळ आज इतकं फिरलं की पाट धरून बसले. ह्यांनी चमचा पुढे केला. "वक्त्याबाई, तोंड उघडा. टाळ्या मी वाजवतो." हसू आलं आणि त्या हसण्यातच गिळून टाकलं.

वास दिवसभर नाकात. शपथ मोडल्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच की कुणी पाहिलं तर.

बाटली पुस्तकांच्या फळीवर, जाड ग्रंथांच्या मागे. आ.बाई पुस्तकांना हात लावत नाहीत.

ता. ७ डिसेंबर
काल संध्याकाळी हंडा दिसला. त्याच्यावरचा पोचासुद्धा. हंड्याकडे पाहून रडणारी बाई या घराने प्रथमच पाहिली असेल.

ता. १०
रुखमी कापसाचं गाठोडं घेऊन अंगणात आली तेव्हा तिन्हीसांज होत होती. तिलाही सातवा आहे. एक हात भिंतीवर, पायाने जमीन चाचपत. ती चाल मी ओळखते.

"रुखमे, दिसत नाही का?"
"दिवस बुडला का समदं कायं होते बाई. पयल्या टायमाले बी झालं होतं. तवा सासूनं बोकडाची कलेजी भाजून देल्ली, चार दिसात झाक दिसे." मग हसली. टोमणा नव्हता, खरंच हसली. "आता कायची कलेजी! तुमचं बेलभंडार हाये ना."

गाठोडं तिने ओट्यावर टेकवलं.
"तुमाले बी झालं होतं म्हनते. कायनं बरं झालं वो?"
"शेवग्याचा पाला खाल्ला."

भर सभेत कधी जीभ अडखळली नाही. आजही अडखळली नाही.

ता. १७
रुखमी आठवडाभर आमच्या शेवग्याचा पाला ओरबाडून नेते आहे. मोठ्या विश्वासाने. आ.बाई म्हणाल्या, "झाड नागवं केलं त्या बाईनं." आणि काल ती वावरातून परतताना नाल्यात पडली. गुडघा सोललाय. पोटाला लागलं नाही म्हणते.

आज तिला परसदारी बोलावून चमचा पुढे केला. औषध आहे, घे. तिने नाकाशी नेला.
"मासोळी हाये."
"औषध आहे रुखमे."
"तुमी घेता?"
काय सांगणार होते? "घेते."

तिने चमचा एक थेंब न सांडता माझ्या हातात परत दिला. रागावली असती तर बरं झालं असतं. सगळं सांगितलं तिला, डोळा कसा बघतो, कलेजीत काय असतं. बेलभंडाराचे शब्द माझे होते, मीच आता सांगते, मोडलं तर काही होत नाही. बघ, मला झालं का काही?
"तुमी शिकलेल्या. तुमाले नाही लागत. मले लागते. लेकरावर आलं तं मी कोनाले पुसू?" मग जरा थांबून, "साऱ्या गावात देवीसमोर देल्लं ना तुमी? तसंच वापस घ्या. मंग घेईन मी."

गावाला शपथेत बांधायला पाऊण तास लागला होता. एका बाईला सोडवायला सबंध दुपार पुरली नाही.

ता. २४
पाटलांचा निरोप: पौषातल्या जत्रेत बाईंनी यंदाही दोन शब्द बोलावेत. बोकड बंद झाले ते बाईंमुळे. आ.बाईंनी दारातूनच नाही सांगून पाठवलं. आठवा लागेल, पार कुठे आणि ही कुठे.

मी म्हटलं, मी जाणार.

त्यांनी चुलीतलं लाकूड मागे ओढलं. म्हणाल्या, "तेल घेऊन राह्यली ना तू?"
माझी नजर फळीकडे गेली.
"मले काय नाक नाही? पुस्तकांच्या मांगं माशे पाळले तुनं! महिना झाला. बोलली का मी? मले बी झालं होतं, तुह्या नवऱ्याच्या टायमाले. माह्या सासूनं वरनात काय घालून देल्लं, मी पुसलं नाही अन् तिनं सांगतलं नाही. असंच असते. खाय. पन बोलू नोको. उभ्या गावात सांगशीन तं पाटील थुकन तोंडावर. अन् त्या गाडीत हादरून तुहं पयलं..."
भाकरी थापायला लागल्या.

म्हणजे मी पुस्तकांआड लपवत होते ते त्या मला लपवू देत होत्या. ती दयाच होती. आणि या दयेइतकी भक्कम भिंत मी आजवर पाहिली नाही. तेलाची मुभा आहे, जिभेची नाही.

आणखी एक, कारण इथे तरी खोटं नको: त्यांनी नाही म्हटलं तेव्हा क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. पारावर चढून मी काय म्हणणार होते? की तुमच्या बाईने पहिली शपथ मोडली, आणि चोरून?

ता. ३० डिसेंबर
बाजार. नर्सबाई वाडीवर जाऊन रुखमीला पाहून आली. डोळे कोरडे पडायला लागलेत, आता थांबू नका, म्हणाली. दुसरी बाटली ठेवून गेली.

ह्यांनी सुचवलं, तू लिहून दे, मी जत्रेत वाचतो. तोच निरोप रुखमीला पाठवला. उत्तर आलं: "मास्तरनं थोडंच देल्लं होतं बेलभंडार?"

बरोबर आहे तिचं. एवढा स्वच्छ तर्क मी कुठल्या पुस्तकात वाचला नाही.

ता. ४ जानेवारी १९५५
भाषण लिहायला बसले. चार पानं झाली. प्रत्येक पानावर मी स्वतःला सोडवते आहे, रुखमीला नाही. फाडली.

उरलं ते इतकं: मी माशाचं तेल घेतलं, म्हणून मला दिसतं. ज्या गरोदर बाईला दिसत नाही तिने औषध घ्यावं. माझं बेलभंडार मी परत घेते.
यात टाळ्या कुठेच नाहीत.

बोकड पुन्हा कापले जातील कदाचित. नुसता विचार आला तरी छातीत जळतं. तेही खरंच आहे. एकाला सोडवताना दुसरं

ता. ८ जानेवारी, जत्रा
दुपार कलली. जेवणं झाली. आ.बाई जेवल्यापासून उंबऱ्यावर बसून तूर निवडताहेत. कधी नव्हे ते उंबऱ्यावर. मी दोनदा त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. सूप हललं, त्या नाही.

तिसऱ्यांदा म्हटलं, "गाडीत बसत नाही आत्याबाई. पायी जाते, हळू. तुम्ही चला संगं."
"मले काय कराचं तिथं?"
"रुखमीला सातवा सरला. नाल्यात पडली ती."
"मालूम हाये मले." आणि एक खडा टिपून अंगणात फेकला.

रुखमी मघाशी रस्त्याने गेली, उजेड आहे तोवर. भिंत न धरता. दारासमोर थांबली, आत पाहिलं. आ.बाईंनी तिला पाहिलं, तिने आ.बाईंना. मग ती पुढे निघाली.

डफ वाजायला लागला. ह्यांनी ताट तयार करून ठेवलंय, बेल आणि भंडारा. परत घ्यायलाही तेच लागणार. दुसरी बाटली पदरात बांधली आहे. पोरगं आत पाय मारतंय, माझ्या बाजूने की आ.बाईंच्या, कळत नाही.

सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला. "सुमन," अशी त्यांची मला हाक आली. उठल्या वाटतं. वाट द्यायला की दार लावायला, ते इथून दिसत नाही. जाते.