डफाला लावलेला दांडा

अप्पा, तुम्ही गेलात त्याला नऊ वर्षं झाली, तरी तुमच्याशी बोलायला लागले की माझा आवाज चढतो. कागदावर निदान तो कुणाला ऐकू जात नाही.

तुमचा बेंजो टाइपरायटरसारख्या बटणांचा, गणपतीच्या मिरवणुकीतला. माझा गोल, पाच तारांचा, अमेरिकेतलं ब्लूग्रास नावाचं लोकसंगीत वाजवायचा. इथे आखातात आपण आधी फिंतासला राहायचो, तिथली अमेरिकन शेजारीण मायदेशी परत जाताना तो मला देऊन गेली, तेव्हा तुम्ही म्हणालात, "हा कसला बेंजो? डफाला दांडा लावलाय!" दिवसभर हॉस्पिटलात एक्स-रे काढणारे तुम्ही, इथल्या मराठी मंडळात मात्र संगीताचे सर्वज्ञ.

मला इथे शिकवणार कोण? नर्सची ड्यूटी संपवून यायचं, अंगठ्यात आणि दोन बोटांत नख्या चढवायच्या आणि एका जुन्या अमेरिकन उस्तादाचं रेकॉर्डिंग निम्म्या वेगानं लावायचं. बारा सेकंदांच्या एका तुकड्याला दोन महिने लागले. हळू ऐकल्यावर कळलं, हा माणूस सगळे सूर वाजवतच नाही. एखादा सोडून देतो, तो ऐकणाऱ्याचा कान भरून घेतो. त्या दिवशी मला तुमची कीव आली. वर्षानुवर्षं तीच आठ सिनेमाची गाणी, कुठेही श्वासाला जागा नाही, आणि तिसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात दरवर्षी त्याच जागी बेसूर. लोक वाहवा करायचे आणि तुम्हाला ते खरं वाटायचं.

मग खैरानला समुद्रकाठच्या भाड्याच्या बंगल्यावर, शॅलेवर, मंडळाची सहल. जेवणं झालीत, मी वाजवतेय. पाचव्या तारेवरून अंगठा घसरतो, एकदाच. तुम्ही उठून माइक घेता. "आमच्या मुलीला शिलाई मशीन छान चालवता येतं. कुणाला ब्लाउज शिवून हवेत?" सगळे हसतात. आई उगाच प्लेटा गोळा करू लागते.

"अप्पा, माझी ती चूक होती," मी म्हणाले. "तुमची सवय आहे."

हसणं थांबलं. महबूल्याच्या नव्या घरी परतताना तुम्ही गाडीतला रेडिओ मोठा केलात. मला वाईट वाटलं नाही. मजा आली.

आता तो तुकडा मी पूर्ण वेगात वाजवते. परवा कुणीतरी विचारलं, गुरू कोण? मी उस्तादाचं नाव सांगितलं. तुमचं सांगायचा प्रश्नच नव्हता.

हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून एवढं लिहिते. शेवटच्या आजारात पलंगावरून तुम्ही म्हणालात, "ते तुझं वाजव जरा." मी म्हटलं, "तार तुटलीय." तुटली नव्हती. तुम्ही पुन्हा म्हणाल म्हणून मी बराच वेळ दारात उभी होते. तुम्ही फक्त "बरं" म्हणालात आणि भिंतीकडे वळलात.