वरच्या थरातले खळगे

सोमवार, ३ मार्च
आज पुन्हा सात गाड्या परत! शेवटच्या पारदर्शक थरात खळगे — मोहरीएवढे, गोल. खालचे थर ठीक. गंज धरू नये म्हणून दिलेला थर, अस्तर, रंग — कशातच खोट नाही. तेलाचा अंश कुठूनतरी येतोय, एवढंच कळतं. फवारणीच्या खोलीत आम्ही दोघंच. मी फडक्याने पत्रा पुसते. यंत्राचा हात पोचत नाही त्या कडा उस्ताद फवारतात.

मंगळवार, ४ मार्च
अकरा.

बुधवार, ५ मार्च
साहेबांनी मला एकटीला बोलावलं. उस्ताद हातांना काही लावतात का, विचारलं. थिनरने त्यांचे हात भेगाळलेत, घरून मलम लावून येतात — सगळ्या खात्याला ठाऊक आहे. मी हो म्हटलं. खोटं नव्हतं ना! साहेबांनी लिहून घेतलं, मी सही केली.
बाहेर आले तर उस्ताद माझा चहा झाकून थांबलेले. फवारणीचं पिस्तूल धरायला ह्याच माणसाने शिकवलं — ‘मनगट नाही, खांदा हलव.’ चहा प्यायले. काय करणार?

गुरुवार, ६ मार्च
उस्तादांना काढलं. मलमाचीच चूक, असं त्यांनी कबूल केलं म्हणे. टोपी घडी करून ठेवली, निघाले. माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असेलही — मीच खाली बघत होते.

सोमवार, १० मार्च
ते गेल्यापासून एकही खळगा नाही. म्हणजे तेच कारण होतं. आईला म्हटलं, मी बरोबरच केलं. ती म्हणाली, मग दोन दिवस जेवत का नाहीस?

बुधवार, १२ मार्च
नऊ गाड्या! उस्ताद घरी आणि खळगे इथे.
दुपारी फिटरने पिस्तुलांना हवा पुरवणाऱ्या नळीची गाळणी उघडली — तेलाने थबथबलेली. कॉम्प्रेसरचं सील गेलेलं. दाब वाढला की तेल सुटायचं, नाहीतर नाही. तासाभरात नवं बसवलं. एक तास!
साहेबांना म्हटलं, उस्तादांना परत बोलवा. म्हणाले, त्यांनी स्वतः कबूल केलंय, फाईल बंद झाली. मग माझा कागद तरी फाडा, म्हटलं. हसले.

गुरुवार, १३ मार्च
गाड्या आरशासारख्या निघताहेत. बघवत नाही.

रविवार, १६ मार्च
धीर करून उस्तादांच्या घरी गेले. सीलचं सांगितलं. सहीचंही सांगितलं. त्यांना दोन्ही ठाऊक होतं. मग कबूल का केलंत, विचारलं. म्हणाले, अडून बसलो असतो तर साहेबांनी दुसरा कागद पुन्हा काढला असता.
कुठला कागद?
“तुझ्या नावाचा — खोट तुझ्या फडक्यात आहे, असा. तुला बोलावलं त्याच्या आदल्या दिवशी माझ्यापुढे ठेवला होता. मी सही केली नाही.”