थोरली जागची हलली

१४ जाने., मंगळवार. संक्रांत.

तिळगूळ वाटून झाले. दुपारी अर्ज लिहायला बसले. ह्यांचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं, म्हणून लग्नापासून घरातले सगळे अर्ज मीच लिहिते. आजचा अर्ज थोरलीचा.

थोरली म्हणजे ट्रक. माझ्याआधी वर्षभर ह्या घरात आली, म्हणून मी तिला थोरली म्हणते, थोरल्या सवतीसारखी. पूर्वी हे चिडत, आता हेसुद्धा "थोरलीचं ऑइल बघून येतो" म्हणतात. खाण बंद झाल्यापासून ती फणसाखाली उभी आहे. मागच्या चाकांवर वेल चढलाय, आणि डाव्या आरशाला ह्या वर्षी शिंजीर पाखराने घरटं टांगलंय, लोंबतं, पिशवीएवढं.

उभ्या ट्रकचाही रस्त्याचा कर भरावा लागतो. आता सरकारने मंदीचं पॅकेज काढलंय. ट्रक उभा आहे असं लिहून दिलं की कर माफ, वर मालकाला मदत. ह्यांनी सांगितलं तसं लिहिलं. "सदर वाहन जागचे हललेले नाही व मंजुरी मिळेपर्यंत हलणार नाही." मीटरचा आकडा घातला. ह्यांनी सही ठोकली. थोरल्या सवतीबद्दल धाकटीने दाखला द्यावा, तशी गंमत वाटली.

१९ जाने., रवि.

रामा आला. दर रविवारी येतो, बोलावणं नसतं, पगार तर नाहीच. मूळचा दोडामार्गकडचा, सुर्ल्याला भाड्याच्या खोलीत राहतो. चौदा वर्षं थोरली त्यानेच चालवली. हे मालक, तो ड्रायव्हर, पण गाडीचा खोकला त्याला लांबून कळतो. दोघे मिळून इंजिन चालू करतात, दहा मिनिटं जागेवर गुरगुरू देतात, बंद करतात. मग चहा, उंडे पाव.

मी विचारलं, रामाला पॅकेजमधून काय?

हे म्हणाले, "त्याच्या नांवार गाडी ना न्ही."

रामा उंडा चहात बुडवत होता. हसला नुसता. साबण घेतो, काडेपेटी घेतो, बाईकमध्ये पेट्रोल घालतो, सगळ्यावर कर भरतोच की तो. भरताना त्याला कुणी विचारत नाही गाडी कुणाच्या नावावर आहे. देताना तेवढं विचारतात.

असं मी मोठ्याने म्हटलं नाही. इथे लिहिते.

२७ जाने.

नदीकाठी मंदीच्या पॅकेजचं काम सुरू झालंय. फरशी बसवलेली वाट, बाकडी, गोल दिवे. त्या वाटेवरून चालायचं कुणी? आमच्या आमोण्यात सगळे बांधावरून नि शेतातून चालतातच की.

मंदाला बोलले तसं. शेजारीण माझी, घरवाला गेलेला, नदीकाठच्या खाजनात, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या जमिनीत, एक कोंडा म्हणजे तुकडाभर शेत. ती तिथे फरशा उचलायला जाते. म्हणाली, "वयनी, तुका तो रस्तो बिनकामाचो दिसता. म्हाका थंय दिसाची मजुरी मेळटा."

रामालाही तिथे खडी उतरायचं काम मिळालंय, आठवड्यातून तीन दिवस. म्हणजे दिव्यांचा उजेड पडायचा तेव्हा पडो, चुली आत्ता पेटल्यात. पण तिथून दोन शेतं पलीकडे बांध खचलाय, खेकड्यांनी पोखरून चाळण केलीय, त्याला ह्या पॅकेजमध्ये जागा नाही. ते दुसरं खातं म्हणे.

५ फेब्रु.

दुपारी डोळा लागला. स्वप्नात थोरली नदीतून चालली होती. बुडत नव्हती, बार्जसारखी हळूहळू. हौद्यात पाणीच पाणी, आणि शिंजीर आरशावर बसून पुढे बघतोय. मी काठावरून हाका मारतेय, आवाज फुटत नाही. जाग आली तेव्हा हे खरंच गाडीत बसलेले. जेवण झालं की तास-दीड तास केबिनमध्ये बसतात, हात स्टिअरिंगवर. विचारलं तर म्हणतात हवा बरी लागते.

पैसे आले की पासिंग, इन्शुरन्स, दोन टायर, असा बेत आहे. एकदोन खाणी परत सुरू व्हायच्या आहेत म्हणतात, कागद पुरे असलेल्या गाड्यांनाच बोलावतील. पैसे नाही आले तर डिचोलीचा भंगारवाला दोनदा बघून गेलाय. टायरला लाथ मारून बघत होता. ह्यांनी त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही. ह्या घरात असं कधी होत नाही.

१२ फेब्रु., पौर्णिमा.

रात्र बरीच झालीय. पण लिहिलंच पाहिजे, नाहीतर उद्या मलाच वेगळं आठवेल.

हे काल पेडण्याला नणंदेकडे गेलेत, देवकार्याला. आज पौर्णिमेची मोठी भरती. बाराच्या सुमाराला खाजनातून बोंब आली. बांध फुटला. बैलगाडी जाईल एवढं भगदाड, आणि आत वायंगणचं, उन्हाळी भात पोटरीला आलेलं. खारं पाणी दोन दिवस राहिलं की संपलं सगळं.

बांध फुटला की घरटी एक माणूस जायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. ज्याचं शेत मोठं त्याची माणसं दोन. मंदासारखीच्या घरातून नुसती पेज आली तरी चालते. कुणी पावती फाडत नाही, कुणी माफी मागत नाही. आमच्या घरचा माणूस पेडण्यात. मी फावडं घेऊन निघालेच होते.

तेवढ्यात रामा धावत आला. खडीच्या कामावरून, तसाच, डोक्याला पंचा. त्याचं तर खाजनात वीतभर शेत नाही. "वयनी, टोपल्यांनी व्हायचा नाय. पाणी माती घेवन जातासा. गाडी व्हयी."

रविवार सोडला तर चावी देवाऱ्यावर असते, दसऱ्यापासून. मी उचलली आणि त्याच्या हातात दिली. म्हटलं, आमच्या घरचा वाटा हा. क्षणभरसुद्धा थांबले नाही. बरं वाटलं, खरं सांगायचं तर मोठेपणा वाटला.

रामाने वेल कोयत्याने तोडला. घरटं मात्र सोडलं नाही, सुतळीसकट सोडवून फणसाच्या खालच्या फांदीला बांधलं, म्हणाला पक्षीण वळखतली. पहिल्या हिसक्याला थोरली रडली, दुसऱ्याला निघाली. फाटकातून बाहेर पडताना मी बघत राहिले. किती वर्षांनी तिची पाठ बघितली.

डोंगरकडेची माती, मग बांध. सात फेऱ्या. पुढची भरती चढायच्या आत भगदाड बंद. मंदा चिखलात उभी राहून रडत होती, हसतही होती.

चार वाजता रामाने गाडी फणसाखाली लावली. चावी परत देवाऱ्यावर. हातपाय धुताना मला अर्ज आठवला. "जागचे हललेले नाही व हलणार नाही." माझंच अक्षर.

१४ फेब्रु.

हे आले. चाकांचा चिखल बघितला, तोडलेला वेल बघितला. रामा नेमका बांधावरून येत होता. हे ओरडले नाहीत, तेच वाईट. "कोणें व्हेली?"

मी तोंड उघडायच्या आत रामा म्हणाला, "मियां नेलंय. बांध फुटलेलो."

ह्यांनी देवाऱ्याकडे बघितलं. रामा घरात कुठेही जातो, स्वयंपाकघरातसुद्धा, त्याला कधी मज्जाव नव्हता. ह्यांना वाटलं त्यानेच उचलली.

मी गप्प राहिले. का राहिले? भात ढवळत होते, ढवळतच राहिले. करपायला नको म्हणून. भात करपला नाही.

१६ फेब्रु., रवि.

रामा आला नाही. हे एकटेच बोनेटशी खुडबुडत होते. इंजिन लागलं नाही.

शिंजिराची मादी फणसावर येते, घरट्याभोवती फिरते. आत जाते की नाही दिसत नाही.

२० फेब्रु.

तपासणी झाली. तरुण मुलगा, नम्र. मोबाइलवर फोटो काढले. मीटरचा आकडा अर्जातल्या आकड्याशी लावून बघितला. अकरा किलोमीटर पुढे. म्हणाला, "काका, गाडी हालल्या."

हे म्हणाले, गावाच्या बांधाला गेली होती. एक पैसा घेतला नाही.

तो म्हणाला, फॉर्मात तसा रकाना नाही.

इतकी वर्षं काही केलं नाही म्हणून मदत मिळणार होती. एक दिवस थोरली गावाच्या उपयोगी पडली, तर मदत गेली. हे कुणाला सांगावं? त्या मुलाला चहा दिला. त्याची काय चूक.

२४ फेब्रु.

ह्यांच्याबरोबर डिचोलीच्या वाहतूक ऑफिसात गेले. तिथला एक वयस्क कारकून, चष्मा कपाळावर. सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात, भल्यासाठी सांगावं तसं म्हणाला, "बरय गे बाय. ड्रायव्हरान न विचारतां व्हेली म्हणून बरय. सोंपलें. मालकाचो गुन्यांव ना." तसं लिहून दिलं की मदत तशीच राहील. खुलाशाचा एक फॉर्म दिला, दहा मार्चपर्यंत भरून द्यायचा.

मी विचारलं, आणि ड्रायव्हरचं?

"ताचें नांव नोंद जातलें. आनीक कितें?"

आणिक काय म्हणजे? खाणी सुरू झाल्या की ड्रायव्हरांची चौकशी होणार. विना परवानगी गाडी नेणाऱ्याला कोण घेतं?

परत येताना बसमध्ये हे म्हणाले, "खोटें खंय बरयतां? ताणें म्हाका विचारलें ना." खरंच आहे. ह्यांच्यापुरतं अगदी खरं आहे. मी खिडकीतून बघत होते. उभे ट्रक, उभे ट्रक, कुणावर दुधी चढलेला, कुणावर मिरच्या वाळत घातलेल्या.

२६ फेब्रु. महाशिवरात्र.

हे देवळात गेलेले असताना रामा आला. पायरीवरच बसला, उपास म्हणून चहाही नको म्हणाला. त्याला कळलंय सगळं, गावात काय लपतं.

"माझा नाव घाला वयनी. गाडी भंगारात गेली तर तशीय माझ्या कामाची नाय."

मी म्हटलं, चावी मी दिली रामा.

"ता माका म्हायती आसा. तुमका म्हायती आसा. बस झाला."

गेला. मला लाज वाटली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. ज्याला पॅकेजातून काही मिळायचं नव्हतं, त्याच्याकडून आम्ही आणखी वसूल करतोय, आणि तो उठून द्यायला तयार आहे.

२ मार्च, रवि.

दिवे लागले नदीकाठी. उद्घाटनाला मंडप, भाषणं. संध्याकाळी मंदा आणि मी तिथल्या बाकड्यावर बसलो. बरं बांधलंय बाकडं, उगाच नावं ठेवली. समोर खाजन हिरवंगार. मंदाचा कोंडा दाखवला तिने बोटाने, कणसं भरू लागलीत. उद्यापासून तिला काम नाही, वाट पुरी झाली.

म्हणाली, "रामाक सांग गो, नवें भात जालें की पयलो पोळो ताका."

मी हूं म्हटलं. वारा होता. पाणी चकाकत होतं, भरतीचं, पण बाहेरच्या बाहेर.

इंजिन आजही लागलं नाही. रामा नाही.

७ मार्च

लिहिलं. इथे नव्हे, फॉर्मावर. दुपारी सगळं आवरून, पाट घेऊन, अर्ज लिहिते तशी बसले.

प्रश्न: वाहन मालकाच्या परवानगीशिवाय नेले काय?

उत्तर: "बांध फुटला तेव्हा मालक गावी नव्हते. चावी मालकाच्या पत्नीने स्वतःच्या हाताने दिली. ड्रायव्हरने मागितली होती, स्वतः उचलली नाही." खाली माझं नाव, पुरं. ह्यांच्या सहीची जागा कोरी सोडली. ह्यांची सही नसेल तर कागद चालत नाही, आणि सही झाली तर मदत गेली.

तोंडाने सांगायचं धाडस नव्हतं. चहाच्या कपाखाली ठेवला.

ह्यांनी वाचला. दोनदा वाचला असावा, वेळ गेला तेवढा. मी चुलीकडे तोंड करून उभी. वाटलं आता कप भिरकावतील, किंवा म्हणतील फाड हा. म्हणाले, "कितल्यो फेऱ्यो?"

"सात."

"सातांत भरलो?"

"भरलो."

कागद घडी घालून खिशात. गेले केबिनमध्ये. काळोख पडेपर्यंत आले नाहीत.

९ मार्च, रवि.

सकाळी हे बाईक घेऊन सुर्ल्याला गेले. तासाभराने परत आले, मागे रामा बसलेला. दोघांचे चेहरे दाढदुखीवाल्यांसारखे.

केबिनकडे गेले. हे उजवीकडचं दार उघडून उभे राहिले, रामाला म्हणाले, "चड." स्वतः फिरून डाव्या बाजूने, क्लीनरच्या सीटवर जाऊन बसले. इतक्या वर्षांत ह्यांना त्या बाजूला बसलेलं मी बघितलं नव्हतं.

तिसऱ्या हिसक्याला लागलं. फणसावरून शिंजिराची मादी उडाली, चक्कर मारून परत घरट्याच्या तोंडाशी आली. ह्या वेळी आत गेलेली मी बघितली.

उंडे घेऊन गेले तेव्हा दोघे समोर काचेतून बघत बसलेले. इंजिन बंद करायची दहा मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. फॉर्म डॅशबोर्डवर, देवीच्या फोटोखाली, इंजिनाबरोबर थरथरत होता. सहीची जागा कोरीच. ह्यांचं पेन रामाने आपल्या खिशाला अडकवून ठेवलेलं.

उद्या दहा तारीख. डिचोलीची पहिली बस साडेसातला आहे.